'रन'च्या मागे धावताना

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थांचा शब्द कुठला, असं विचारलं तर आपल्यापैकी बरेचजण 'सेट' म्हणतील. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 सालच्या 20 खंडी आवृत्तीत तो मान 'सेट'कडेच होता. क्रियापदाचेच 430 च्या आसपास अर्थ. आता 'रन'ने त्याला मागे टाकलं आहे. कोशकार पीटर गिलिव्हर यांनी या क्रियापदाची नोंद नव्याने तयार केली आणि 2011 साली आकडा लोकांपुढे आला: 645 अर्थ! एका शब्दापायी त्यांचे नऊ महिन्यांहून अधिक दिवस गेले. आम्हाला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. पीएच.डी.ची पाच वर्षं आम्हीही एकाच रेणूच्या मागे काढली.

शाळेत आपण 'रन म्हणजे धावणे' असं पाठ केलं. इथे अमेरिकेत आल्यावर कळतं की माणसं सोडून बाकी सगळंच धावतं. नाक धावतं, नळ धावतो, धुण्यात लाल कुडत्याचा रंग धावतो. दूध संपलं तर आपण दुधाच्या 'बाहेर' धावतो. प्रयोगशाळेत आम्ही कॉलम 'रन' करतो, तेव्हा तासन्‌तास एका जागी बसून असतो. निवडणुकीत इथला उमेदवार धावतो, इंग्लंडमधला मात्र 'उभा' राहतो. या बाबतीत आपली मराठी इंग्लंडच्या बाजूची.

क्रिकेटमध्ये चेंडू सीमेपार गेला की न धावता सहा धावा मिळतात. बेसबॉलमध्ये चेंडू मैदानाबाहेर गेला तरी बिचाऱ्याला चारही बेसना पाय लावून यावं लागतं. (आपल्याकडे 'धावा' देवाचाही करतात. शेवटच्या षटकात दोन्ही चालू असतात.) बँकेवरच्या 'रन'मध्येही हल्ली कुणी धावत नाही. 9 मार्च 2023 रोजी सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढण्याच्या मागण्या आल्या, त्या बऱ्याचशा घरबसल्या. दुसऱ्या दिवशी बँक सरकारी ताब्यात गेली.

डॉक्टरांच्या खोलीत मात्र ही गंमत राहत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे आई-बाबा येतात, तेव्हा हे जरूर लक्षात ठेवा. 'रनिंग अ फीव्हर' म्हणजे अंगात ताप असणं. 'द रन्स' म्हणजे जुलाब. क्रिकेटप्रेमी आजोबांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. 'डझ इट रन इन द फॅमिली?' म्हणजे हा आजार घराण्यात आहे का? इथे न समजता 'नो' म्हटलं, की आजोबांचा आणि दोन काकांचा मधुमेह कागदावर येतच नाही. सर्वांत घातक प्रश्न, 'डिड यू रन आउट ऑफ युअर पिल्स?' गोळ्या संपून आठवडा झालेला असतो, आजी हसून 'नो, नो' म्हणतात. डॉक्टर समजतात, गोळ्या घेऊनही रक्तदाब चढलाय. आणि डोस वाढवतात.

म्हणून दुभाषी मागायला लाजू नका. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांनी इंग्रजी कमी येणाऱ्या रुग्णाला दुभाष्याची सोय मोफत द्यायची, असं 1964 च्या नागरी हक्क कायद्यावरून आणि 2010 च्या आरोग्य कायद्यावरून ठरलेलं आहे. बऱ्याचदा तो फोनवर मिळतो. भेटीची वेळ ठरवतानाच 'मराठी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदी गृहीत धरतात. आणि दहा वर्षांच्या नातवाला मध्ये बसवू नका. आणीबाणी वगळता लहान मुलांकडून हे काम करून घेऊ नये, असा 2016 पासून नियमच आहे. आजींनाही नातवासमोर सगळं बोलता येत नाही.

आता आपल्या घरात डोकावू. मराठी शाळेतली मुलं कुरकुरतात की 'लागणे' म्हणजे नक्की काय ते एकदाच सांगा. कसं सांगणार? भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, आंबा गोड लागतो, डोळा लागतो, तो माझा मामा लागतो, मुंबईहून पुण्याला जाताना लोणावळा लागतं. फलाटावर गाडी लागली असं म्हणायचं आणि घाटात एखाद्याला गाडी लागते असंही म्हणायचं! फळा भरला तरी यादी संपली नाही. राहिलेले अर्थ आपापल्या घरी जेवणाच्या टेबलावर जमवा आणि पुढच्या वर्गाला मुलांबरोबर पाठवा. 645 ला अजून बराच वेळ आहे.