अक्षरसृष्टीतील सूचनाफलक आणि त्याचे बाह्यदर्शन

चित्र नाही, ध्वनी नाही. काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे उमटतात, आणि त्या अक्षरांतूनच मंदिर, बाजार, अरण्य व त्यांत हिंडणारी माणसे वाचणाऱ्याच्या मनश्चक्षूंपुढे उभी राहतात, असा एक खेळ संगणकाच्या जगात जन्मास आला आणि तो आजही काही ठिकाणी टिकून आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने त्याचा पाया घातला व पुढे रिचर्ड बार्टल ह्याने तो वाढविला. 'मल्टि-यूझर डंजन' ह्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास 'मड' म्हणतात. ह्या नावाचे शब्दशः भाषांतर 'बहुजनांचे तळघर' असे होईल, आणि तसे केल्यास वाचक हसतील. म्हणून ह्या लेखात आपण 'अक्षरसृष्टी' असा शब्द योजू.

अशा सृष्टीत एकाच वेळी अनेक माणसे दूरदूरच्या गावांहून प्रवेश करतात. परंतु सर्वजण एकाच वेळी हजर असतील असे नाही. सकाळी आलेल्याने संध्याकाळी येणाऱ्यास निरोप कसा ठेवावा? ह्यासाठी खेळातच एक फलक टांगलेला असतो. शाळेच्या व्हरांड्यातील फळ्याप्रमाणेच त्याच्यासमोर जाऊन उभे राहावे लागते. मग त्यावरील लेख वाचता येतो, नवा लिहिता येतो, आणि अधिकार असल्यास जुना काढूनही टाकता येतो. खेळाचे नियम, वादविवाद, लग्नाची निमंत्रणे, निरोपाची पत्रे असे सारे काही ह्या फलकांवर लिहिले गेले आहे. त्या छोट्या समाजांचा लिखित इतिहास बहुधा एवढाच.

हा फलक खेळाबाहेरच्या वाचकांस ब्राउझरमधून दिसावा अशी सोय करणे वरवर पाहता सोपे वाटते. ते कितपत सोपे आहे, हे एका विशिष्ट उदाहरणावरून पाहणे बरे. कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी निर्माण केलेल्या 'डिकूमड' ह्या आज्ञावलीच्या आधारे अमेरिकेतील जेरेमी एल्सन ह्याने १९९३ मध्ये 'सर्कलमड' प्रसिद्ध केले. तिची मूळ आज्ञावली कोणासही वाचावयास मोकळी असल्यामुळे असंख्य हौशी मंडळींनी तीवरून आपापल्या सृष्टी उभारल्या.

सर्कलमडच्या मूळ रूपात चार फलक असतात. दोन सामान्य खेळाडूंसाठी, आणि दोन त्यांच्यासाठी की ज्यांस तेथे 'अमर' अशी संज्ञा आहे. मर्त्य आणि अमर ही विभागणी मराठीत आणताना अनुवादकास कोशाची पाने उलटावी लागत नाहीत, हे एक सुख! ३१ व्या पायरीपासून अमरत्व सुरू होते आणि ३४ व्या पायरीवर सृष्टीचा प्रत्यक्ष कर्ता बसतो. प्रत्येक फलकास कोणी वाचावे, कोणी लिहावे व कोणी पुसावे ह्याच्या किमान पायऱ्या ठरविलेल्या असतात.

एका फलकावर जास्तीत जास्त ६० लेख मावतात. एकसष्टावा लिहू गेल्यास 'फलक भरला आहे' एवढेच उत्तर मिळते. म्हणजे नव्यासाठी जुना पुसावा लागतो, आणि पुसलेला लेख पुन्हा मिळत नाही. बाह्यदर्शनाची खरी निकड येथे आहे. पुसण्यापूर्वी लेखाची प्रत बाहेर निघाली तरच तो वाचतो.

आता फाइलीच्या आत डोकावू. ती साध्या अक्षरांची नसून संगणकाच्या स्मृतीतील रचनेची जशीच्या तशी उतरविलेली प्रतिकृती असते. आरंभी लेखांची संख्या; मग प्रत्येक लेखासाठी एक नोंद, तिच्यामागे शीर्षक व त्यामागे मजकूर. ह्या नोंदीत शीर्षकाची व मजकुराची लांबी असते. पण तिच्यातच शीर्षक स्मृतीत कोठे होते त्याचा पत्ताही लिहिला जातो. हा पत्ता खेळ बंद होताच निरर्थक होतो. घर पाडल्यावर त्याची पाटी जपून ठेवावी तसा हा प्रकार. तथापि तो जागा मात्र अडवितो. ३२ बिटांच्या जुन्या यंत्रावर ही नोंद २० बाइटांची होते, ६४ बिटांच्या आजच्या यंत्रावर ३२ बाइटांची.

परिणाम काय होतो पाहा. जुनी फाइल नव्या यंत्रावर उघडली की आज्ञावली २० च्या ठिकाणी ३२ बाइट उचलते आणि शीर्षकाची पहिली अक्षरेच लांबी म्हणून वाचते. शीर्षकाचा आरंभ वाराच्या इंग्रजी संक्षेपाने होतो. सोमवारची तीन अक्षरे व त्यापुढील मोकळी जागा मिळून जी संख्या बनते ती ५४,४१,०८,३६५! एवढे लांब शीर्षक जगात कोणी लिहिले नसेल. फाइल बिघडली असा समज झाल्यास ही आज्ञावली तिला सरळ पुसून टाकते. म्हणून जुना खेळ नव्या यंत्रावर सुरू करण्यापूर्वीच फलकांच्या फाइली अन्यत्र उतरवून घ्याव्यात, आणि दर्शनाच्या साधनाने मूळ फाइलीस स्पर्श न करता त्या प्रतीवरूनच वाचन करावे. त्या साधनास लिहिण्याचा अधिकार मुळीच देऊ नये.

मजकूर हाती आला तरी तो तसाच ब्राउझरपुढे ठेवणे धोक्याचे आहे. रंगासाठी घातलेली चिन्हे २७ क्रमांकाच्या अदृश्य अक्षराने सुरू होतात; ती काढून टाकावीत किंवा रंगात रूपांतरित करावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोनी कंस. खेळाडूने तो सहज लिहिलेला असतो, पण ब्राउझर त्यास आज्ञा समजतो. कोणी खोडसाळपणे लिहिलेली आज्ञा वाचकाच्या यंत्रावर चालू लागेल. म्हणून असे प्रत्येक चिन्ह त्याच्या निरुपद्रवी सांकेतिक रूपात बदलूनच पुढे पाठवावे. अक्षरांनी रेखाटलेले नकाशे मोडू नयेत म्हणून सर्व अक्षरे समान रुंदीची ठेवणेही इष्ट.

अमरांचे फलक बाहेर दाखवू नयेत हे उघड आहे. त्यांवर खेळाडूंच्या तक्रारी व शिक्षांचे निर्णय असतात. परंतु सामान्य फलकाविषयीही थोडा विचार हवा. लिहिणाऱ्याने ते समोर उभ्या असलेल्या सोबत्यांसाठी लिहिले होते, जगाच्या शोधयंत्रांसाठी नव्हे. टोपणनावाआडून का होईना, ते एका माणसाचे बोलणे आहे. आधी त्याच फलकावर सूचना लावावी, काही आठवडे थांबावे, आणि ज्यांस नको असेल त्यांचे लेख वगळावेत. ह्यात फारसे कष्ट नाहीत, तरी ही गोष्ट टाळली जाते ह्याचे नवल वाटते.

राहिला प्रश्न तारखेचा. सर्कलमडच्या शीर्षकात वार, महिना व दिनांक असतो, पण वर्ष नसते! जतन करू पाहणाऱ्यास मग पंचांग घेऊन बसावे लागते. एका तारखेस तोच वार बहुधा ५, ६ किंवा ११ वर्षांनी पुन्हा येतो; तेव्हा वार जुळणारी वर्षे प्रथम निवडावीत, फाइल शेवटची केव्हा बदलली ती तारीख मर्यादा म्हणून धरावी, आणि शेजारच्या लेखांच्या क्रमावरून उरलेल्या वर्षांतील एक निश्चित करावे. असे ठरविलेले वर्ष मूळ शीर्षकात मिसळू नये. शेजारी वेगळ्या स्तंभात, अनुमान म्हणून नोंदवावे.