बेअरिंग ‘जाते’ म्हणजे काय?

जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे परभणी जिल्ह्यात पाथरीच्या बाजूला ऊस पिकतो. गळिताच्या हंगामात रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या दिसतात. एखाद्या चाकातून घरघर ऐकू येते. “बेअरिंग गेले,” असे मिस्त्री सांगतो. पोलादासारखी कठीण वस्तू ‘जाते’ कशी?

ट्रॉलीचा आस स्थिर असतो व त्याभोवती चाकाचा तुंबा फिरतो. दोहोंमध्ये बेअरिंग असते. त्यात दोन पोलादी कड्या व त्यांच्यामध्ये निमुळते रोलर असतात. सायकलीत हेच काम छर्रे करतात. घासण्याऐवजी गडगडणे आल्याने घर्षण पुष्कळ घटते. मात्र सारा भार रोलर आणि कडी जिथे टेकतात, त्या अगदी अरुंद पट्टीवर येतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ लहान, म्हणून दाब प्रचंड!

चाक फिरताना कडीचा भाग पुनःपुन्हा दाबला जातो व सुटतो. तार वारंवार वाकवली की तुटते ना? तसाच येथे पृष्ठभागाखाली सूक्ष्म तडा जातो. तो वर आला की पोलादाचा टवका उडतो. त्या खळग्यावर रोलर आदळू लागतात. तीच ही घरघर. आत धूळ किंवा पाणी शिरले, ग्रीस आटले, तर हे लवकर घडते.

स्वीडनमधील लुंडबर्ग व पामग्रेन यांनी १९४७ साली भार आणि आयुष्य यांचे गणित मांडले. बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर छर्‍यांच्या बेअरिंगचे आयुष्य निम्मे नव्हे, एक-अष्टमांश होते. रोलरच्या बेअरिंगचे सुमारे एक-दशांश! दहा हंगाम टिकणारे बेअरिंग एका हंगामात संपेल.

टवका उडालेले बेअरिंग नवे ग्रीस भरून बरे होत नाही. रोलर व दोन्ही कड्या बदलाव्या लागतात. सोबत ऑइल सीलही नवे घालावे. बसवताना हातोड्याचा घाव रोलरवर पडू देऊ नये. नट फार आवळला तर बेअरिंग तापते, ढिला राहिला तर चाक डगमगते.

दुर्लक्ष केल्यास रोलर अडकतात, आस झिजतो आणि भरल्या ट्रॉलीचे चाक निखळू शकते. मागून येणार्‍या सायकलस्वाराच्या ते जिवावर बेतेल. म्हणून घरघर ऐकू येताच ट्रॉली थांबवावी.

तुमच्या सायकलचे पुढचे चाक उचलून फिरवा आणि कान द्या. मग रिम धरून चाक आडवे हलवून पाहा. काय आढळते?