देवाशी थेट नातं

ख्रिस्ती घरात जन्म झाला म्हणजे देवाशी नातं जुळलं, असं अनेक ख्रिस्ती लोक मानत नाहीत. येशूला आपलं आयुष्य प्रत्येकानं स्वतः सोपवायचं असतं. देव पिता, आणि प्रार्थना म्हणजे त्याच्याशी बोलणं : आभार, गाऱ्हाणं, पापाची कबुली, सारं आपल्याच शब्दांत. प्रॉटेस्टंटांचा, त्यातही इव्हँजेलिकल मंडळ्यांचा यावर विशेष भर. कॅथलिक हे नातं मिस्सा, पापनिवेदन अशा संस्कारांतूनही जोपासतात.

मराठीतला याचा सर्वांत जिवंत दाखला टिळक दांपत्याचा. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी घाई केली नाही. मनाला पटलं तेव्हाच, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा नवऱ्याकडूनही उसनी घेता येत नाही, हे याहून ठसठशीतपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन येतो, थेट वारकऱ्यांच्या लडिवाळ भाषेत. मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं आजही गायली जातात. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.