घारापुरीला जायचंय? सोमवार सोडून ठरवा

ताईंनो, गेल्या वर्षी एका गटाची सहल मी ठरवली आणि वार बघितलाच नाही. गेटवेला पोचल्यावर कळलं, सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात! एक काकू पहाटे तीनला उठून घरच्यांचा डबा करून आल्या होत्या. लग्नानंतर पहिल्यांदाच घरच्यांशिवाय निघालेल्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून यंदा ज्या गटांनी सहलीचा ठराव केलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

घारापुरी म्हणजेच एलिफंटा. बोट मुंबईहून सुटते म्हणून आपण ते मुंबईत धरतो, पण बेट आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. गाव आहे, ग्रामपंचायत आहे. समुद्राखालून केबल टाकून तिथे वीज पोचली ती 2018 साली! तोवर समोर मुंबई लखलखायची आणि इथल्या बायका संध्याकाळच्या थोडा वेळ चालणाऱ्या जनरेटरवर भागवायच्या.

मांडव्याहून बोटीने गेटवे साधारण तासभर, तिथून दुसऱ्या बोटीने घारापुरी आणखी तासभर. पावसाळ्यात मांडव्याच्या बोटी बंद असतात, दिवाळीनंतर जा. एसटीत 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, बोटीला नाही. हिशोबात नेमकी इथेच चूक होते. बोटीत लाइफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका. डिसेंबर 2024 मध्ये याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून प्रवासी बोट बुडाली, माणसं गेली.

धक्क्यावरून छोटी गाडी पायथ्यापर्यंत नेते. पुढे शंभराच्या वर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश, बसत-बसत चढा. माकडं पिशव्या ओढतात.

आत गेलात की घाई करू नका. अखंड कातळात कोरलेली तीन मुखांची शिवमूर्ती वीसेक फूट उंच आहे. एक चेहरा उग्र, एक शांत, एक बाईसारखा कोमल. शेजारीच अर्धनारीश्वर आहे, अर्धा देव, अर्धी देवी. मी तर तिथेच बसून राहिले होते.

पैसे गटाच्या बचतीतून काढू नका, सहलीची वही वेगळी ठेवा. आठवड्याला 20 रुपये टाकले तर सहा महिन्यांत 500 च्या वर जमतात. एखादीचे राहिले तर बैठकीत सगळ्यांसमोर विचारू नका.

तारीख ठरली की मला कळवा. वार मी दोनदा बघेन.