गिझर लावला की लाइट का जाते?

गिझरचे बटण दाबताच घराची लाइट गेली, तर बोर्डावर नेमका कोणता खटका पडला आहे हे आधी पाहावे लागते. सगळ्याच खटक्यांना सरसकट ‘ट्रिपर’ म्हणण्याची सवय आहे. पण एमसीबी आणि आरसीसीबी यांची कामे वेगळी आहेत आणि दोष शोधण्याच्या वाटाही वेगळ्या.

एमसीबी मोजतो तो एकूण प्रवाह. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतो, म्हणजे १६ अँपिअरच्या एमसीबीला तो सहज झेपतो. एमसीबी बटण दाबताक्षणी पडला तर बहुधा शॉर्ट असतो. काही मिनिटांनी पडत असेल तर त्याच लाइनवर आणखी काही जोडले आहे का, किंवा एखादा स्क्रू सैल होऊन जोड तापतो आहे का, हे तपासतात.

आरसीसीबी हा रुंद खटका असून त्यावर ‘टी’ अक्षराचे छोटे बटण असते. जुन्या सवयीने बरेच वायरमन त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, एवढेच तो पाहतो; फरक आला तर तेवढा प्रवाह कुठेतरी गळतो आहे. घरात सहसा ३० मिलिअँपिअरचा बसवतात. या फरकाच्या निम्म्याच्या पुढे तो केव्हाही पडू शकतो आणि पूर्ण फरकाला त्याने ०.३ सेकंदाच्या आत पडलेच पाहिजे. गिझरच्या ९ अँपिअरपुढे ३० मिलिअँपिअर म्हणजे तीनशेवा हिस्सा. पण माणसाच्या छातीतून जाणारा एवढाच प्रवाह जिवावर बेतू शकतो, म्हणून हा आकडा इतका लहान ठेवला आहे.

गिझरमध्ये ही गळती बहुतेक वेळा कॉइलमधून होते. कॉइलची नायक्रोमची तार धातूच्या नळीत असते आणि दोघांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. मात्र ती ओल फार लवकर ओढते. बोअरच्या जड पाण्यात नळीवर क्षारांचा थर साचतो, उष्णता पाण्यात जाईनाशी होते, नळी जास्त तापते आणि कधीतरी तडकते. तडा मोठा असेल तर आरसीसीबी लगेच पडतो. बारीक असेल तर नळी तापून तो रुंदावेपर्यंत पाच-दहा मिनिटे गिझर नीट चालतो. उन्हाळा-पावसाळा बंद राहिलेला गिझर थंडीत पहिल्यांदा लावताच खटका पाडतो, तेव्हा तडा नसून कॉइलच्या तोंडाशी ओल शिरलेली असू शकते.

पाणी गरम होते म्हणजे कॉइल चांगली, हा समज चुकीचा आहे. तार अखंड राहूनही गळती चालू असू शकते. म्हणूनच तारेच्या दोन टोकांमध्ये २६ ओहम मिळाले, एवढ्यावर कॉइलला पास करू नये. तार आणि अर्थ यांच्यामध्ये काय मिळते, ते महत्त्वाचे; तिथे मेगओहममध्ये आकडा हवा. साधा मल्टिमीटर काही व्होल्टवरच मोजतो, त्याला सूक्ष्म गळती दिसतेच असे नाही. ५०० व्होल्टवर मोजणारे मेगर हे यंत्र वापरणारा वायरमन बोलवावा.

घरच्यांना करता येण्याजोगी तपासणी सोपी आहे. सगळ्या उपकरणांच्या पिना काढाव्यात, आरसीसीबी वर करावा आणि कोरड्या हाताने एकेक पीन लावत जावे. काहीच जोडलेले नसताना तो पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा खुद्द आरसीसीबीत. पिना काढण्याऐवजी नुसते बटण बंद करून भागत नाही. सॉकेटचे बटण फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गिझरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागले असतील तर गिझर बंद असतानाही, मिक्सर सुरू केल्यावर खटका पडतो. कारण मिक्सरचा परतीचा थोडा प्रवाह गिझरमार्गे जमिनीत जातो. असे अनेक निर्दोष मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन येतात.

कधी एकही उपकरण बिघडलेले नसते. फ्रिज, संगणक, एसी यांची प्रत्येकी थोडी गळती एकत्र येते आणि गिझर लागताच मर्यादा ओलांडते. इन्व्हर्टर बसवताना दोन्हीकडचे न्यूट्रल एकत्र बांधले असतील तरी हाच प्रकार होतो.

खटका पडू नये म्हणून अर्थची वायर काढून टाकणे हा मात्र जीवघेणा उपाय आहे. गळती तशीच राहते, तिची जमिनीकडची वाट बंद होते आणि टाकीपासून नळापर्यंतच्या धातूत वीज उतरते. मग ओल्या अंगाने नळ धरणारा माणूसच ती वाट होतो. आरसीसीबी बायपास केला असेल तर त्याला सोडवायला काहीच उरत नाही. असे जोडून देणाऱ्या वायरमनला पुन्हा घरात घेऊ नये.

कॉइल खराब ठरली तर ती बदलावी. डाग देऊन चालवू नये. त्याच वेळी गॅस्केट नवे घालावे, टाकीतला क्षार काढावा आणि टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदलावा. जोडणीनंतर गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरू द्यावी आणि मगच बटण दाबावे. कोरड्या टाकीत नवी कॉइलही काही क्षणांत जळते.