हाकेसरशी जागे होणारे ऑब्जेक्ट

सप्टेंबर २०२१ मध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची सतरावी आवृत्ती आली आणि तिच्यातून ‘आरएमआयडी’ नावाचा एक जुना प्रोग्रॅम गायब झाला. काढून टाकण्यापूर्वी तो कोण वापरते, याचा जावाच्या अभियंत्यांनी शोध घेतला होता. सर्वांना खुल्या असलेल्या कोडमध्ये त्याचा उल्लेखही क्वचितच सापडला. बाहेरच्या कोणी त्याच्याबद्दल तक्रार केल्याला कित्येक वर्षे लोटली होती. सॉफ्टवेअरबद्दल तक्रारच येत नसेल, तर बहुधा ते कोणी वापरतच नसते.

या प्रोग्रॅमचे काम मात्र मोठे मजेदार होते. दुसऱ्या संगणकावरच्या ऑब्जेक्टला हाक मारली आणि ते झोपलेले असले, तर त्याला उठवून कामाला लावायचे. ते झोपले होते, हे हाक मारणाऱ्याला कळूही द्यायचे नाही. आज हा प्रोग्रॅम उरलेला नाही. पण ‘हाक आली की उठायचे, काम संपले की झोपायचे’ या तत्त्वावर क्लाउड कंपन्यांचा मोठा व्यवसाय उभा आहे. कल्पना तगली, तिचे एक नेटके रूप मात्र टाकून द्यावे लागले. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

अंतर विसरण्याची सोय

माहिती आणि त्या माहितीवर करायची कामे एकत्र बांधली, की प्रोग्रॅमर त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. बँकेच्या प्रोग्रॅममधले ‘खाते’ घ्या. त्यात शिल्लक असते; पैसे भरणे, काढणे ही त्याची कामे. खाते आणि त्याला काम सांगणारा कोड एकाच संगणकाच्या मेमरीत असतील, तर प्रश्नच नाही. पण खाते एका संगणकावर आणि काम सांगणारा दुसऱ्यावर असेल तर? मग निरोपाचे तुकडे करायचे, ते नेटवर्कवरून पाठवायचे, पलीकडे जोडायचे, उत्तराची वाट पाहायची. हा खटाटोप दर वेळी प्रोग्रॅमरने का करावा?

हा प्रश्न ब्रूस नेल्सन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या १९८१च्या प्रबंधात हाताळला. पुढे त्यांनी आणि अँड्र्यू बिरेल यांनी कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात त्याची प्रत्यक्ष यंत्रणा उभारली. तिचे वर्णन करणारा त्यांचा १९८४चा निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यांची युक्ती अशी : दूरच्या कामाचा एक मुखत्यार हाक मारणाऱ्याच्या संगणकावरच नेमायचा. त्याला ‘स्टब’ म्हणतात. प्रोग्रॅमर स्टबला सांगतो, स्टब निरोप बांधून पाठवतो, आलेले उत्तर उलगडून हातात देतो. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने सारे घरच्या घरी झाले.

झाले, पण फुकटात नव्हे. बिरेल आणि नेल्सन यांनी मोजमापे छापली आहेत. कोणतीही माहिती सोबत न नेणारी रिकामी हाक त्याच संगणकात मारली तर ९ मायक्रोसेकंद लागत. सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट वेगाच्या इथरनेटवरून शेजारच्या संगणकात मारली तर साधारण १,१००. म्हणजे जवळजवळ १२० पट. शिवाय त्यांनी स्पष्टच लिहून ठेवले, की उत्तर आले तर काम नेमके एकदा झाले असे समजा. उत्तराऐवजी बिघाडाची सूचना आली, तर काम एकदा झाले असेल किंवा झालेच नसेल. दोन्हींपैकी काय घडले, ते आम्ही सांगू शकणार नाही.

एक्स्पोर्ट : दार उघडणे

दूरची हाक ऐकायला यावी म्हणून आधी पलीकडच्याने तयार असावे लागते. या तयारीला तेव्हापासून ‘एक्स्पोर्ट’ म्हणतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावाच्या १.१ आवृत्तीत ‘रिमोट मेथड इन्व्होकेशन’, म्हणजे आरएमआय, ही सोय दिली. तिथे एक्स्पोर्ट करणे एका ओळीचे काम होते. त्या ओळीमागे तीन गोष्टी घडत. संगणकावर एक पोर्ट, म्हणजे क्रमांकाने ओळखले जाणारे दार, उघडून कोणी हाक मारते का, याकडे कान लावले जात. ऑब्जेक्टला एक क्रमांक मिळे. आणि संगणकाचा पत्ता, पोर्ट व तो क्रमांक एवढा ऐवज घेतलेला स्टब तयार होई. हा स्टब रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत एखाद्या नावाने नोंदवायचा. रजिस्ट्रीचे ठरलेले पोर्ट १०९९. ज्याला गरज असेल त्याने नाव सांगून तो उचलायचा.

आरएमआय शिकणाऱ्यांना इथेच पहिली ठेच लागे. एका सर्व्हरला अनेकदा एकाहून अधिक पत्ते असतात. कार्यालयाच्या आतला वेगळा, बाहेरच्यांसाठी वेगळा. स्टबमध्ये पत्ता लिहिला जाई तो सर्व्हर स्वतःला ज्या पत्त्याने ओळखतो तो. मग बाहेरच्या माणसाला रजिस्ट्रीतून स्टब व्यवस्थित मिळे आणि पहिलीच हाक भलतीकडे जाई. कधी तर ‘मी स्वतः’ या अर्थाचा १२७ने सुरू होणारा पत्ता स्टबमध्ये असे. असा स्टब दुसऱ्या संगणकावर गेला, की त्याच संगणकात सर्व्हर शोधत बसे. म्हणून कोणता पत्ता लिहायचा, हे सर्व्हरला बजावून सांगण्याची वेगळी सोय ठेवलेली होती.

दुसरा प्रश्न जीवनमरणाचा. जावात वापरात नसलेले ऑब्जेक्ट मेमरीतून आपोआप साफ होते. पण दूरच्या संगणकावर कोणी त्याचा स्टब धरून बसले असेल तर? आरएमआयने हिशेब ठेवायचे ठरवले. स्टब घेणाऱ्याने तसे कळवायचे आणि मुदत वाढवत राहायचे. मुदत मुळात १० मिनिटांची. वाढवण्याचा निरोप आला नाही, तर घेणारा गेला असे धरायचे. संदर्भ मोजण्याची ही रीत डीईसी कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या ‘नेटवर्क ऑब्जेक्ट्स’ या प्रकल्पाच्या धर्तीवर होती आणि त्या प्रकल्पातही बिरेल होतेच.

ॲक्टिव्हेशन : झोप आणि जाग

या व्यवस्थेत एक खोट होती. एक्स्पोर्ट केलेल्या ऑब्जेक्टला सतत जागे राहावे लागे. लाखो खाती असलेल्या बँकेने प्रत्येक खात्याचे ऑब्जेक्ट मेमरीत ताटकळत ठेवायचे, यात काय हशील? शिवाय सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की जुने सगळे स्टब कुचकामी. ही अडचणही जुनीच होती. झेरॉक्सच्या यंत्रणेत प्रत्येक एक्स्पोर्टला वेगळी खूण दिली जाई; सर्व्हर कोसळून उठला की खूण बदले आणि जुने धागे तुटत. तिथे हे मुद्दाम केलेले होते, कारण नव्याने उठलेल्याला जुने काही आठवत नसते.

डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या जावा २ने यावर ॲक्टिव्हेशनचा तोडगा काढला. कल्पना पूर्वी नव्हती असे नाही. बर्कलेच्या युनिक्समधला ‘इनेटडी’ हा प्रोग्रॅम १९८०च्या दशकातच इतरांच्या वतीने पोर्टवर पहारा देई आणि हाक आली की योग्य तो प्रोग्रॅम सुरू करी. जावाने तेच ऑब्जेक्टच्या पातळीवर आणले. १०९८ क्रमांकाच्या पोर्टवर बसलेल्या आरएमआयडीकडे आधी नोंद करायची : ऑब्जेक्ट कोणत्या प्रकारचे, त्याचा कोड कुठे, सुरुवातीला त्याला कोणती माहिती द्यायची आणि ते कोणत्या गटात राहणार. ही नोंद डिस्कवर जाई, त्यामुळे यंत्र बंद पडले तरी ती टिके. बदल्यात ऑब्जेक्टला कायमची ओळख मिळे.

आता स्टबमध्ये दोन गोष्टी असत. एक ही कायमची ओळख आणि दुसरा सध्याचा पत्ता, असला तर. हाक मारली की स्टब आधी पत्त्यावर प्रयत्न करी. तिथे कोणी नसेल, तर ओळख घेऊन आरएमआयडीकडे जाई. आरएमआयडी त्या गटासाठी जावा चालवणारे स्वतंत्र सॉफ्टवेअर-यंत्र चालू आहे का पाही. नसेल तर सुरू करी. मग तिथे ऑब्जेक्ट तयार होई, स्वतःला एक्स्पोर्ट करी आणि त्याचा ताजा पत्ता स्टबला मिळे. पुढच्या हाका थेट. मध्यस्थ बाजूला.

मेख होती स्मरणशक्तीत. उठलेल्या ऑब्जेक्टची ओळख जुनीच असे, पण मेमरी कोरी. आधीची शिल्लक किती होती, ते त्याला कोणी सांगत नसे. मिळे ती नोंदणीच्या वेळी दिलेली माहिती, उदाहरणार्थ फाइलचे नाव. फाइल उघडून स्वतःची आठवण परत मिळवणे हे त्याचे त्याने करायचे, आणि झोपण्यापूर्वी ती लिहून ठेवणेही. झोपायचेसुद्धा स्वतःहून जाहीर करूनच, आणि एखादे काम चालू असताना ती परवानगीही मिळत नसे. म्हणजे उठवणे यंत्रणेकडे, पण ‘उठलेला तोच आहे का’ याची जबाबदारी प्रोग्रॅमरकडे.

चार फरक

यातली गंमत अशी, की दूरचे जवळचे भासवण्याच्या हौसेबद्दलचा सर्वांत परखड इशारा सन कंपनीच्याच प्रयोगशाळेतून आला होता. जिम वाल्डो, जेफ वायंट, ॲन वोलरॅथ आणि सॅम केंडल यांनी १९९४ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. जवळच्या आणि दूरच्या ऑब्जेक्टमध्ये चार फरक आहेत, असे त्यांचे म्हणणे. दूरच्या हाकेला वेळ लागतो. दोघांची मेमरी सामायिक नसते. अर्धाच भाग बंद पडू शकतो, आणि कोणता ते उरलेल्या भागाला कळत नाही. आणि अनेक ठिकाणांहून एकाच वेळी हाका येतात. यातले पहिले एक वेळ वेगवान यंत्रांनी सुसह्य होईल, पण अर्धवट बिघाड आणि एकाच वेळी येणाऱ्या हाका झाकता येणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

यांपैकी वोलरॅथ आणि वाल्डो पुढे आरएमआयच्या जनकांत होते. म्हणूनच आरएमआयमध्ये दूरच्या प्रत्येक कामावर ‘हे दूरचे आहे, बिघडू शकते’ असा शिक्का मारणे सक्तीचे होते. बिघाड झाला तर काय करायचे, हे लिहिल्याशिवाय प्रोग्रॅम तयारच होत नसे. प्रोग्रॅमर कुरकुरत, पण शिक्का प्रामाणिक होता. पैसे काढण्याची हाक गेली आणि उत्तर आलेच नाही, तर पुन्हा हाक मारायची की नाही? पहिली पोहोचली असेल तर पैसे दोनदा जातील. कोणताही स्टब याचे उत्तर देऊ शकत नाही.

तरीही ॲक्टिव्हेशन मागे पडले, ते आजूबाजूचे जग बदलल्यामुळे. दूरच्या सेवा वेबच्या वाटेने जाऊ लागल्या. तिथे एका ठरलेल्या पोर्टने सगळे चालते. आरएमआयची आयत्या वेळी निवडलेली पोर्टे फायरवॉलला खपत नसत. शिवाय अख्खे ऑब्जेक्ट नेटवर्कवरून आत घेण्याची जावाची रीत धोक्याची ठरली. काळजीपूर्वक रचलेले ऑब्जेक्ट पाठवून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येते, हे २०१५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी ‘अपाची कॉमन्स कलेक्शन्स’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या आधारे दाखवून दिले. जावाच्या नवव्या आवृत्तीत, २०१७ मध्ये, अशा ऑब्जेक्टना गाळणी लावण्यात आली. आरएमआय स्वतः मात्र जावात अजूनही आहे. काढले ते फक्त ॲक्टिव्हेशन.

कल्पनेचा पुनर्जन्म

नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉनने ‘लॅम्डा’ ही सेवा जाहीर केली. प्रोग्रॅम लिहून द्या, मागणी आली की आम्ही तो चालवू. मागणी नसेल तेव्हा पैसे नाहीत. ‘हेलो ४’ या व्हिडिओ गेमच्या सेवांसाठी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांची ‘ऑर्लीन्स’ ही यंत्रणा वापरली गेली. तिच्यातले प्रत्येक ऑब्जेक्ट कायमच अस्तित्वात आहे असे मानले जाते. हाक आली की ते कुठल्या तरी सर्व्हरवर जागे होते. या जागे होण्याला तिथेही ॲक्टिव्हेशनच म्हणतात. आणि सप्टेंबर २०२० मध्ये, पंधराव्या आवृत्तीत जावाने आपले ॲक्टिव्हेशन लवकरच काढणार असल्याची खूण केली त्याच महिन्यात, क्लाउडफ्लेअर कंपनीने ‘ड्युरेबल ऑब्जेक्ट्स’ जाहीर केले : नावाने ओळखली जाणारी, हाकेला उठणारी, काम नसले की झोपणारी ऑब्जेक्ट.

मग यांना जमते ते आरएमआयडीला का जमले नाही? चार फरकांकडे पुन्हा पाहिले की उलगडा होतो. उठायला लागणारा वेळ तसाच आहे. अभियंते त्याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. तो नको असेल, तर काही प्रती आधीच जाग्या ठेवण्याची सोय ॲमेझॉन डिसेंबर २०१९ पासून वेगळे पैसे घेऊन देते. कोऱ्या मेमरीचा प्रश्न ड्युरेबल ऑब्जेक्टने प्रत्येकाला स्वतःची साठवण जोडून सोडवला. एकाच वेळी येणाऱ्या हाकांसाठी ऑर्लीन्स आणि ड्युरेबल ऑब्जेक्ट दोघांनीही एका ऑब्जेक्टला कोड चालवायला एकच धागा दिला, म्हणजे एका क्षणी एकच काम चालते. आणि अर्धवट बिघाड? पाठवून मोकळे व्हायच्या प्रकारातली हाक फसली तर लॅम्डा आपणहून आणखी दोनदा प्रयत्न करते आणि तुमचे काम दोनदा झाले तरी नुकसान होणार नाही असे लिहा, हे प्रोग्रॅमरला आधीच सांगते.

चारपैकी एकही फरक मिटलेला नाही. वेळेचा फरक ग्राहकाच्या बिलात आला, स्मरणाचा आणि गर्दीचा यंत्रणेने अंगावर घेतला, बिघाडाचा प्रोग्रॅमरच्या पदरात राहिला. कोणी काय सांभाळायचे हे आता आधी ठरते, आणि लेखी ठरते.