दंशापासून दवाखान्यापर्यंत

पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. उत्तरेच्या अंगाला जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके दिसतील. पूर्वेकडे पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव व मंचर ही मोठी गावे आहेत. पश्चिमेकडे सह्याद्रीचे डोंगर, भातखाचरे आणि विखुरलेल्या आदिवासी वाड्या. पावसाळ्यात अशा वाडीवर कुणाला साप चावला, तर रुग्णालय गाठेपर्यंत बराच वेळ जातो. या मधल्या वेळात काय करावे? ते समजण्यासाठी विष शरीरात काय करते, हे पाहू या.

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप सर्वांत घातक ठरतात. घोणस व फुरसे यांच्या विषामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. याची परीक्षा अगदी सोपी आहे. रुग्णाचे २ मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. नंतर नळी तिरकी केल्यावर रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष भिनले असे डॉक्टर ओळखतात.

नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतू व स्नायू जेथे मिळतात तेथे घाला घालते. मेंदूने धाडलेला निरोप स्नायूंपर्यंत पोहोचतच नाही. प्रथम पापण्या जड होतात, मग बोलणे व गिळणे अवघड जाते आणि शेवटी श्वासपटल थांबते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची जागा फारशी सुजत वा दुखत नाही, म्हणून धोका उशिरा कळतो. डोळे मिटलेला, निश्चल रुग्ण पाहून घरचे लोक आशा सोडतात. प्रत्यक्षात त्याचे हृदय चालू असते आणि त्याला ऐकूही येत असते!

प्रतिसर्पविष हे यावरचे औषध. घोड्यांना विषाची अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. हे औषध रक्तातील मोकळे विष निकामी करते. पण मण्यारीच्या विषाने आधीच बिघडलेली मज्जातंतूंची टोके त्याने सुधारत नाहीत. ती पुन्हा वाढायला काही दिवस लागतात. तोवर रुग्णासाठी दुसऱ्या कुणीतरी श्वास घ्यायला हवा. रुग्णालयात ते काम यंत्र करते; वाटेत एक साधी रबरी पिशवी करते. मुखवटा तोंडा-नाकावर घट्ट बसवून दर पाच-सहा सेकंदांनी ती दाबली, की हवा फुप्फुसांत जाते. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या '१०८' रुग्णवाहिका सेवेचे महत्त्व येथे कळते. गाडी वेगाने जाते एवढेच पुरेसे नाही. आतल्या माणसाला हे कौशल्य यावे लागते.

गाडी येईपर्यंत आपण काय करावे? रुग्णाला धीर द्यावा व चालू देऊ नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत, कारण सूज आल्यावर ती रुततात. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी बांधून हात किंवा पाय स्थिर ठेवावा. स्नायू हलले की लसिकावाहिन्या दाबल्या जातात आणि विष पुढे सरकते. मात्र आवळून दोरी बांधू नये. त्याने रक्तपुरवठा तुटून अवयव गमावण्याची वेळ येते. जखम कापू नये, चोखू नये. मांत्रिकाकडे नेण्यात वेळ दवडू नये. बेशुद्ध रुग्णाला कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.

नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी कित्येक वर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार केले आणि हीच माहिती खेडोपाडी पोहोचवली. तुम्हीही एक काम करा. प्रतिसर्पविष आणि श्वासयंत्र या दोन्ही गोष्टी तुमच्या गावाजवळ कोणत्या रुग्णालयात मिळतात, याची गुरुजींच्या मदतीने चौकशी करा आणि ते नाव वर्गाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.